रीफ टँकची तयारी: कॅल्शियमच्या आधी मॅग्नेशियम

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या रीफ टँकचं (खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ पाळायचा टँक) पाणी एका संध्याकाळी तांदूळ धुतल्यासारखं झालं. कॅल्शियम ३४० पीपीएमवर (लिटरमागे मिलिग्रॅम, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पुढचे आकडेही याच मापात) अडकून बसलं होतं, म्हणून मी चार दिवस रोज कॅल्शियम क्लोराइड ओतत होतो. त्यामुळे क्षारता (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) उतरली असं वाटून खायचा सोडाही टाकत होतो. सकाळी उठून पाहतो तर वेव्हमेकरच्या (टँकमध्ये लाटा उठवणारा पंप) जाळीवर पांढरा खरखरीत थर, रिटर्न पंप (गाळलेलं पाणी टँकमध्ये परत पाठवणारा) जाम, आणि कॅल्शियम ३२०. म्हणजे सुरुवात केली त्याच्याहूनही खाली. मॅग्नेशियमचं किट माझ्याकडे नव्हतं. नंतर मागवून मोजलं तेव्हा १०५० निघालं, हवं होतं १३०० च्या आसपास. दोन प्रवाळ कडेपासून सोलत गेले, ते वाचले नाहीत. आता जुळे सोलापुरातले दोन मित्र टँक लावतायत, त्यांच्यासाठी आणि असं काही मनात असलेल्या कुणाहीसाठी हे लिहितोय.

काच, स्टँड, वाळू यावर शब्द खर्च करत नाही. फक्त पाणी किती मावतं ते नीट मोजा. २ फूट बाय सव्वा बाय सव्वा फुटाचा टँक कागदावर ८८ लिटरचा, पण दगड आणि वाळू टाकल्यावर माझ्यात जेमतेम ७५ लिटर बसलं. पुढचे सगळे डोस या ७५ वर काढायचे. ८८ धरून काढाल तर प्रत्येक वेळी जास्त पडेल.

पाणी. नळाचं थेट नको, बोअरचं तर अजिबात नको. आणि घरचा पिण्याचा आरओ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण त्यात चव यावी म्हणून थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. त्याच्या नळाखाली टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं) धरा, बहुतेक वेळा ५० च्या वर आकडा दिसेल. आपल्याला शून्य हवंय. त्यासाठी आरओच्या पुढे डीआयची नळी (उरलेले क्षार शोषणारी) जोडावी लागते. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, तेव्हा पाणी येण्याच्या दिवशीच दोन कॅन भरून ठेवायची सवय लावा. उन्हाळ्यात ते लागतंच.

उन्हाळा हा सोलापूरचा खरा प्रश्न. बाहेर ४२-४३ असताना बंद खोलीत टँक ३१ ला सहज जातो आणि प्रवाळाला २५ ते २७ हवं. चिलर परवडला तर घ्या. नाहीतर पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे दोन छोटे पंखे लावा, दोन-तीन अंश उतरतात. पण पंख्यामुळे माझ्या टँकमधून मे महिन्यात दिवसाला अडीच लिटर पाणी उडायचं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती फक्त आरओ-डीआयच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची कधीच नाही. फ्लोट लावलेला ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारा) घ्या. हाताने भरू म्हणाल तर दोन दिवसांत चुकेल. हीटर डिसेंबर-जानेवारीपुरता लागतो, पण लागतो. लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप. त्यावर चर्चा नको, घ्याच.

आता मीठ. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवा, साध्या पाण्याने शून्य जुळवून भागत नाही. खारटपणा हजारी ३५ भाग, म्हणजे घनता १.०२६. तो कमी असेल तर कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळंच कमी दिसणार, आणि तुम्ही उगाच बाटल्या ओतत बसणार. सॉल्ट मिक्सची (समुद्राचं पाणी बनवायचं तयार मीठ) बादली वापरण्याआधी उलटसुलट हलवून एकजीव करा. नवीन बादलीतलं पाणी तयार केलं की टँकमध्ये जाण्याआधी त्याचं मॅग्नेशियम मोजा. पाकिटावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. मी गेलो होतो.

टेस्ट किट तीन: क्षारता, कॅल्शियम, मॅग्नेशियम. प्रवाळासाठी तीनच. पैसे कमी असतील तर लाईट थोडा हलका घ्या, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) पुढच्या महिन्यात घ्या (एवढ्या टँकला आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर स्किमरशिवाय चालतं), पण मॅग्नेशियमचं किट मागे ठेवू नका. ते महाग असतं आणि चाचणी किचकट असते, म्हणूनच माणूस टाळतो. थेंब थेंब टाकत बाटली फिरवायची, लालसर रंग जांभळा होतो तिथे थांबायचं नाही, निळा होऊन टिकला की मग आकडा वाचायचा. एक्सपायरी बघून घ्या आणि उन्हाळ्यात किट कपाटावर ठेवू नका, तापतं.

मॅग्नेशियम एवढं का, ते एकदा नीट समजून घ्या. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट त्याच्या मावण्यापेक्षा जास्तच विरघळलेलं असतं. ते खाली बसत नाही याचं एक मोठं कारण मॅग्नेशियम. स्फटिक तयार व्हायला लागला की मॅग्नेशियम त्याच्यावर जाऊन बसतं आणि वाढ रोखतं. ते कमी पडलं की तुम्ही ओतलेलं कॅल्शियम आणि सोडा एकमेकांना धरून दगड बनतात आणि पंपावर जाऊन बसतात. त्यात पाणी गरम असेल तर अजून लवकर. गिझरच्या कॉईलला आपल्याकडे जो पांढरा थर धरतो, तोच प्रकार. म्हणून कॅल्शियम चढत नाहीये असं दिसलं की हात बाटलीकडे नाही, मॅग्नेशियमच्या किटकडे गेला पाहिजे.

आकडे: कॅल्शियम ४०० ते ४५०, क्षारता ८ ते ९ डीकेएच (क्षारतेचं एकक), मॅग्नेशियम १२५० ते १३५०. क्रम: आधी मॅग्नेशियम, मग क्षारता, मग कॅल्शियम. ७५ लिटरमध्ये मॅग्नेशियम १०० ने वाढवायला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट साधारण ६३ ग्रॅम लागतं. एका दिवसात याच्यापुढे जाऊ नका. कॅल्शियम २० ने वाढवायला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट साडेपाच ग्रॅम. क्षारता १ डीकेएचने वाढवायला खायचा सोडा सव्वादोन ग्रॅम. बेकिंग पावडर नव्हे, सोडा. प्रवाळ सांगाडा बांधताना २० कॅल्शियममागे २.८ डीकेएच खातो, म्हणून दोन्ही बरोबरीने द्यायचं, पण एकत्र कधीच नाही. सगळं आरओ-डीआयच्या पाण्यात विरघळवून. एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि जिथे पाण्याचा जोर आहे तिथेच. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात पडलं की भांडं हाताला चांगलं गरम लागतं, तेव्हा पूर्ण निवल्यावरच ओता. डबा घट्ट बंद ठेवा, पावसाळ्यात त्याचं पाणी होतं.

चुन्याची निवळी बरेच जण सुचवतील. चांगली आहे, कॅल्शियम आणि क्षारता एकदमच मिळतात. पण पानाचा चुना नको, त्यात काय काय आहे कुणाला ठाऊक, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. लिटरला दीड ग्रॅम, वरचं निवळ तेवढंच, रात्री थेंबाथेंबाने. पीएच १२ च्या वर असलेलं पाणी आहे ते, पेलाभर एकदम ओतलं तर टँक गेलाच. आणि निवळीत मॅग्नेशियम नाही. निवळीवर टँक चालवणाऱ्याने तर मॅग्नेशियम मोजलंच पाहिजे.

प्रवाळ विकत घेताना बिल आणि आयातीचे कागद मागा. आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. कुणी मालवणहून किंवा रामेश्वरमहून तुकडा आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. कायद्याचं सोडा, तिथले प्रवाळ आधीच पांढरे पडतायत.

पहिले सहा आठवडे प्रवाळ नाहीच. अमोनिया, नायट्राइट (नव्या टँकमध्ये साठणारे विषारी पदार्थ) शून्यावर येऊ द्या. मग मऊ प्रवाळ. कठीण प्रवाळ सहा महिन्यांनी. क्षारता दोन दिवसांआड, कॅल्शियम आठवड्याला, मॅग्नेशियमही आठवड्यालाच. महिन्यावर ढकलू नका. वेव्हमेकर दोन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये. आकडे वहीत. गावाला जाताना शेजाऱ्यांना फक्त टॉप-ऑफचा कॅन दाखवा, डोसच्या बाटल्या कपाटात कुलपात. परत आल्यावर प्रवाळ मिटलेला दिसला तरी काही ओतू नका. खारटपणा, मग मॅग्नेशियम, मग बाकीचं.