वारसाहक्काची कागदपत्रे करताना या चुका टाळा

घरातील माणूस गेल्यानंतर मालमत्तेच्या व्यवहारात सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नॉमिनीलाच मालक समजणे. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर थोरल्या मुलाचे नाव चढवले की फ्लॅट त्याचाच झाला असे गृहीत धरून तो विकायला काढला जातो आणि व्यवहार ठरत आलेला असताना विवाहित बहिणीची हरकत येते. ती हरकत रास्तच असते. सोसायटीला नामनिर्देशनानुसार सभासदत्व द्यावे लागते, पण त्याने मालकीचा प्रश्न सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात स्पष्ट केले आहे. कंपन्यांच्या शेअर्सचा नॉमिनीही वारसांना डावलू शकत नाही, असा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये आला. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने समान वाटा मिळतो. यातील आईचे नाव सर्रास गळते, आणि ती हयात असताना ते गळणे म्हणजे पुढच्या दाव्याला आमंत्रणच.

दुसरी चूक चुकीच्या दाखल्यासाठी न्यायालयात जाण्याची. उत्तराधिकार प्रमाणपत्र बँकेतील ठेवी, शेअर्स आणि येणी यांपुरतेच असते. घर किंवा जमीन असल्यास महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियमाखाली वारस प्रमाणपत्र घ्यावे लागते. मृत्युपत्र असल्यास मार्ग प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला घेण्याचा. मुंबईतील मालमत्तेबाबत हिंदूंनाही प्रोबेट सक्तीचे करणारे भारतीय उत्तराधिकार कायद्यातील कलम २१३ संसदेने २०२५ च्या अखेरीस वगळले असले, तरी वारसांत वाद असेल तर प्रोबेट घेणेच शहाणपणाचे आहे. त्या वेळी मृत्युपत्रावरील दोन साक्षीदारांपैकी हयात असलेल्या किमान एकाची साक्ष लागते, म्हणून त्यांचे पत्ते आधीच शोधून ठेवावेत.

बहिणींनी किंवा भावांनी वाटा सोडायचा असेल, तर स्टँपपेपरवर लिहून नोटरी केलेले हक्कसोडपत्र पुरत नाही. स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेच पाहिजे. अन्यथा काही वर्षांनी त्याच कागदावरून भांडण उभे राहते.

गावाकडील जमिनीची वारस नोंद तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवावी. मात्र सातबारावर नाव लागणे ही महसुली नोंद आहे, मालकीचा निवाडा नव्हे.

मृत व्यक्तीच्या एटीएम कार्डाने किंवा मोबाइलवरून पैसे काढू नयेत, मग खर्च अंत्यविधीचा का असेना. इतर वारसांना हिशेब देणे अवघड होते. मृत्यूच्या दिनांकापर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाने प्राप्तिकर पोर्टलवर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून भरायचे असते, आणि त्या कराची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच राहते.