दोघांसाठी व्हिएतनाम, बेताच्या खर्चात: मार्ग आखण्यापासून परतीच्या विमानापर्यंत

व्हिएतनाम स्वस्त आहे हे आता बहुतेकांना माहीत झालंय. तरीही तिथे जाऊन आलेल्या दोन जोडप्यांना खर्च विचारला, तर आकड्यांत बरीच तफावत निघते. हॉटेलं साधारण त्याच दर्जाची असतात, जेवणही तेच असतं. फरक पडतो तो मार्गामुळे. हा देश उभा आणि अरुंद आहे. हानोईपासून सायगॉनपर्यंत, म्हणजे हो ची मिन्ह सिटीपर्यंत, रेल्वेने 1726 किलोमीटर अंतर आहे. एकाच शहरात उतरून तिथूनच परत निघायचं ठरवलं, की आल्या वाटेने मागे येण्यात एक देशांतर्गत विमान आणि एक अख्खा दिवस जातो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मार्गाला दिली आहे. फळवाल्याशी पाच हजार डाँगसाठी घासाघीस करण्यापेक्षा नकाशासमोर बसून घालवलेली एक संध्याकाळ जास्त पैसे वाचवते.

1. आधी महिना ठरवा

उत्तर, मध्य आणि दक्षिण, तिन्ही भागांचं हवामान वेगळं आहे. हानोईत डिसेंबर ते फेब्रुवारी चक्क स्वेटर लागतो आणि आभाळ बरेचदा धुरकट असतं. दक्षिणेत साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस. मध्य व्हिएतनामचा पाऊस मात्र आपल्या सवयीच्या उलट आहे: तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. होई आनच्या गल्ल्यांत पुराचं पाणी शिरतं ते याच दिवसांत. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर मध्य भागाबद्दल दोनदा विचार करा. तिन्ही भाग एकाच फेरीत बघायचे तर मार्च आणि एप्रिल सर्वांत चांगले.

जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष येतं. त्या आठवड्यात दुकानं बंद असतात आणि रेल्वे-बसची तिकिटं मिळत नाहीत. तारीख बघून तो काळ टाळा.

2. एका टोकाला उतरा, दुसऱ्या टोकाहून निघा

मुंबईहून हानोई आणि हो ची मिन्ह सिटी या दोन्ही शहरांना थेट विमानं आहेत. जाताना हानोई, येताना हो ची मिन्ह सिटी, असं तिकीट शोधा. येण्याजाण्याच्या नेहमीच्या तिकिटापेक्षा थोडं महाग दिसलं तरी चालेल, कारण मागे यायचा खर्च वाचतो. मात्र कमी भाड्याच्या तिकिटात बहुधा फक्त 7 किलोचं हातातलं सामान धरलेलं असतं आणि ते विमानात चढताना वजन करून बघतात. दोघांत मिळून एकच मोठी बॅग आगाऊ नोंदवणं परवडतं.

अकरा रात्रींचा माझ्या आवडीचा मार्ग असा: हानोईत दोन रात्री, निन्ह बिन्हला दोन, एक रात्र रेल्वेत, हुएला एक, होई आनला तीन, सायगॉनला दोन. यात डोंगरातलं सापा नाही, फू क्वोक बेट नाही आणि हा लाँगही नाही. सगळं बघण्याचा हट्ट धरला तर निम्मी सहल बसमध्ये जाते.

हा लाँगबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते वगळायचं म्हटलं की घरात वाद होतो. समुद्रातून वर आलेले चुनखडीचे डोंगर तिथे आहेत हे खरं, पण रात्रीच्या क्रूझचा दोघांचा खर्च जमिनीवरच्या चार-पाच दिवसांइतका होऊ शकतो. तसेच डोंगर निन्ह बिन्हला भातशेतीतून आणि नदीतून वर आलेले आहेत. समुद्रच हवा असेल तर कात बा बेटावर राहून लान हा उपसागरात एका दिवसाची बोट घ्या. तिथे गर्दी कमी असते आणि पैसेही कमी लागतात.

3. ई-व्हिसा स्वतः काढा

15 ऑगस्ट 2023 पासून ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंत मिळतो. एका प्रवेशाच्या व्हिसाची फी 25 डॉलर आहे आणि अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. अर्ज फक्त व्हिएतनाम सरकारच्या साइटवर करा. शोधल्यावर वर येणाऱ्या बऱ्याच साइट मध्यस्थांच्या असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. चष्मा न लावलेला फोटो आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाचं स्वच्छ चित्र हाताशी ठेवा.

आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधल्या नावात येतं. अर्जात ते गाळू नका. पासपोर्टवर छापलंय तसं, त्याच क्रमाने भरा. बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असला तरी काही अडत नाही. प्रवेशाचं ठिकाण म्हणून हानोईचा नोई बाय विमानतळ निवडा. व्हिसा कामाचे तीन दिवस धरून येतो असं म्हणतात, पण सणासुदीला उशीर होतो, म्हणून दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. आल्यावर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक अक्षर-अक्षर ताडून बघा आणि दोघांच्या दोन-दोन प्रती छापून घ्या.

4. पैशाचा हिशेब डोक्यात बसवा

1 लाख डाँग म्हणजे साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे रुपये. किमतीतली शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्या आकड्याला तीनने गुणून थोडे वाढवा, की रुपये कळतात. भारतातून डाँग नेऊ नका. कोरे, न दुमडलेले डॉलर न्या, थोडे विमानतळावर आणि बाकीचे शहरातल्या बँकेत बदला. 20 हजार आणि 5 लाख या दोन्ही नोटा निळ्या आहेत. अंधाऱ्या टॅक्सीत त्यांची गल्लत झाली तर सत्तर रुपयांच्या जागी सतराशे जातात. 5 लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

दोघांचा अंदाज डाँगमध्ये असा धरा. नीटनेटकी खोली, बहुतेक ठिकाणी नाश्त्यासह, एका रात्रीला 4 ते 6 लाख. दिवसभराचं खाणं-पिणं आणि कॉफी 5 लाख. शहरातलं फिरणं रोज अडीच लाख. रात्रीची रेल्वे, दा नांग ते सायगॉन विमान आणि सगळी प्रवेशतिकिटं मिळून आणखी 70-75 लाख. एकूण दोन कोटी डाँगच्या आसपास, म्हणजे जमिनीवरचा दोघांचा खर्च सत्तर-पंचाहत्तर हजार रुपये. मुंबईचं विमान, व्हिसा आणि प्रवास विमा याच्या वर.

5. हानोई आणि निन्ह बिन्ह

नोई बाय विमानतळावरून शहरात यायला केशरी रंगाची 86 क्रमांकाची बस आहे. रात्री उशिरा उतरलात तर सरळ ग्रॅब अ‍ॅपवरून गाडी बोलवा, कारण भाडं आधीच ठरलेलं दिसतं. विमानतळाबाहेर स्वतःहून जवळ येणाऱ्या टॅक्सीवाल्यांना नाही म्हणा.

राहायला जुना भाग घ्या, म्हणजे होआन किएम तळं, त्यातलं देऊळ आणि लाल लाकडी पूल, सगळं पायी होतं. 1070 साली बांधलेलं साहित्य मंदिर चुकवू नका. हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते आणि इतर दिवशीही फक्त सकाळी उघडी असते, तेव्हा वार बघून ठरवा. रस्ता ओलांडताना एका सावकाश, सारख्या गतीने चालत राहा. स्कूटरवाले तुमचा अंदाज घेऊन बाजूने जातात. मध्येच थबकणं किंवा पळणं धोक्याचं.

निन्ह बिन्ह हानोईपासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे. मुक्काम ताम कोक गावात करा. तिथल्या घरगुती निवासांत सायकली बहुधा फुकट मिळतात. त्रांग आनची बोट माणशी अडीच लाख डाँग. एका बोटीत चौघे बसतात, त्यामुळे सोबत आणखी एक जोडपं येतं. सुमारे तीन तास वल्हवत डोंगरांखालच्या गुहांतून नेतात आणि वल्हवणाऱ्या बहुतेक गावातल्या बायका असतात. शेवटी त्यांच्या हातावर थोडी बक्षिसी ठेवायची पद्धत आहे; तिथे हात आखडू नका. संध्याकाळी हांग मुआच्या सुमारे 500 पायऱ्या चढून गेलात, तर खाली नदीचं वळण आणि शेतं दिसतात. मेच्या अखेरीस भात पिवळं पडतं, तेव्हा ते दृश्य फार सुंदर असतं.

इथून हानोईला परत जाऊ नका. दक्षिणेकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या निन्ह बिन्ह स्टेशनवर थांबतात.

6. रात्रीची रेल्वे आणि हाय वान घाट

चार बर्थचा मऊ गादीचा डबा घ्या. हुएपर्यंत माणशी साधारण 9-10 लाख डाँग पडतात आणि एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचतात. खालचा बर्थ वरच्यापेक्षा महाग असतो. दोघांना एक खालचा आणि त्याच्याच वरचा, असं घेतलं तर सामान डोळ्यांसमोर राहतं. सहा बर्थचा डबा स्वस्त आहे, पण सगळ्यात वरच्या बर्थवर उठून बसताही येत नाही.

हुए ही 1802 ते 1945 पर्यंत राज्य केलेल्या न्गुयेन घराण्याची राजधानी. किल्ल्याला अर्धा दिवस द्या. राजांच्या समाध्या शहराबाहेर आहेत. किल्ला आणि समाध्यांचं एकत्र तिकीट स्वस्त पडतं, पण तीन समाध्या एका दिवसात बघून डोकं भणभणतं. तळ्याकाठची तु दुक आणि काच-चिनीमातीच्या नक्षीची खाय दिन्ह, या दोन पुरे.

हुए ते दा नांग पुन्हा रेल्वेनेच जा आणि डाव्या बाजूची खिडकी मागा. हाय वान घाटात रुळांखाली थेट समुद्र दिसतो. याच टप्प्यावर 2024 मध्ये खास पर्यटकांची गाडीही सुरू झाली आहे. बोगद्यातून जाणारी बस लवकर पोहोचते, पण घाट चुकतो.

7. होई आन आणि मी सन

होई आनला रेल्वे नाही. दा नांगहून 30 किलोमीटर गाडीने. जुन्या गावाचं तिकीट 1 लाख 20 हजार डाँगचं असून त्यात पाच वास्तू बघता येतात. संध्याकाळचे आकाशकंदील बघायला वेगळे पैसे पडत नाहीत.

तीन रात्री सांगितल्या त्या मी सनसाठी. होई आनपासून सुमारे 40 किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या दरीत चंपा राज्याची शिवमंदिरं आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराची स्थापना केली आणि तेराव्या शतकापर्यंत इथे विटांची मंदिरं उभी राहत गेली. शिलालेख संस्कृतात आहेत. 1969 च्या अमेरिकी बाँबफेकीत सर्वांत उंच मंदिर कोसळलं. खड्डे आजही दिसतात. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे जतनाचं काम केलं आणि ते चालू असताना 2020 मध्ये एकाच दगडातलं शिवलिंग जमिनीतून वर आलं. वेरूळ-अंबरनाथ बघितलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं आणि तरी शिल्पांचे चेहरे वेगळेच असतात. एवढ्या दूर येऊन हे न बघता जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. सकाळी लवकर पोहोचा. दहानंतर ऊन आणि बस दोन्ही येतात. परतताना दा नांगचं चाम शिल्पांचं संग्रहालय बघा, कारण इथल्या मूर्ती तिकडे नेल्या आहेत.

दा नांगजवळच्या बा ना हिल्सचा, दगडी वाटणाऱ्या हातांनी पेललेला पूल फोटोत छान दिसतो. तिकीट मात्र दोघांचं मिळून आठवडाभराच्या बाकी सगळ्या तिकिटांच्या जवळ जातं. मी तो वगळेन.

8. खाणं, विशेषतः शाकाहारी

‘चाय’ अशी पाटी असलेलं दुकान म्हणजे शाकाहारी खानावळ. भात, टोफू, पालेभाज्या 40-50 हजारांत पोटभर. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक मांसाहार करत नाहीत, तेव्हा अशी दुकानं जास्त दिसतात. हुएमध्ये ती एरवीही पुष्कळ आहेत. नुसतं ‘मांस नको’ सांगून चालत नाही, कारण न्युओक माम हा माशाचा सॉस भाजीतही पडतो. ‘तोय आन चाय’ म्हणा आणि फोनवर लिहूनही दाखवा. अंडं चालत असेल तर अंड्याचं बान मी (तिथलं पावाचं सँडविच) हा उत्तम नाश्ता. भारतीय हॉटेलं सगळीकडे आहेत, पण एका जेवणाला दिवसाच्या खाण्याचे पैसे लागतात. खोलीत किटली असतेच. उपम्याची दोन पाकिटं आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की ती हॉटेलं लागत नाहीत.

9. स्कूटर भाड्याने घेण्याआधी

दुकानदार परवाना विचारत नाही, पोलीस विचारतात. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या रस्ते वाहतुकीच्या करारानुसार असतो, व्हिएतनाम 1968 चा मानतं. म्हणजे अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. सायकल किंवा ग्रॅब वापरा.

10. सायगॉन आणि परतीचा दिवस

दा नांगहून सायगॉनला रेल्वेने सोळा-सतरा तास लागतात, विमानाने दीड. इथे विमानच घ्या. एक दिवस युद्ध अवशेष संग्रहालय आणि 30 एप्रिल 1975 ला ज्याच्या फाटकातून रणगाडे शिरले तो राजवाडा. दुसऱ्या दिवशी सकाळी कू चीचे भुयारी मार्ग. संग्रहालयातले फोटो जड जातात, त्यानंतर लगेच काही ठरवू नका. बेन थान्ह बाजाराजवळ तमिळ लोकांनी बांधलेलं मारिअम्मनचं देऊळ आहे, तेही बघून घ्या.

मुंबईचं विमान रात्रीचं असेल तर खोली सोडून बॅगा हॉटेलातच ठेवा. त्याचे पैसे सहसा घेत नाहीत. उरलेले डाँग सुरक्षा तपासणीच्या आधी विमानतळावरच बदलून टाका. भारतात आल्यावर त्यांना भाव मिळत नाही.