भाताचा कडा करपा: मित्र जिवाणू वापरताना या चुका टाळा

पानांच्या कडा वरून वाळत खाली उतरू लागल्या की मग स्युडोमोनास या मित्र जिवाणूचं पाकीट शोधायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. करप्याचा झँथोमोनास जिवाणू पानाच्या कडेच्या छिद्रांतून किंवा जखमांतून आत शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये वाढतो. वरून मारलेला फवारा तिथे पुरेसा पोहोचत नाही. स्युडोमोनास आणि बॅसिलस हे मित्र जिवाणू मुळांवर, पानांवर आधी ठाण मांडतात, रोपाची प्रतिकारशक्ती जागी करतात, आणि त्याला काही दिवस लागतात. म्हणून सुरुवात बियाण्यापासूनच करा: किलोला 10 ग्रॅम भुकटी. लावणीच्या दिवशी मुळं अर्धा तास याच भुकटीच्या द्रावणात बुडवा.

आणि त्याच दिवशी रोपांचे शेंडे खुडू नका! प्रत्येक खुडलेलं टोक म्हणजे रोगाला उघडं दार. मुळं बुडवण्याची सगळी मेहनत तिथे वाया जाते.

रोग ओळखण्यातही गफलत होते. ताज्या पानाचा रोगट तुकडा कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धार उतरली, तर तो जिवाणूच. कोवळी रोपं अख्खी सुकत असतील तर सुकलेली सुरळी ओढून पाहा. ती सहज निघून आली आणि बुंध्याशी कुरतडलेली दिसली, तर ते काम खोडकिड्याचं. ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे, तिचा खरा उपयोग बुरशीजन्य रोगांवर. कडा करप्यासाठी तिच्यावर विसंबू नका.

आता पंपाकडे वळू. मला सर्वात जास्त वाईट वाटतं ते इथे. कॉपर ऑक्सिक्लोराइडसारख्या जिवाणूनाशक औषधाबरोबर एकाच टाकीत मित्र जिवाणू मिसळले, की ते पानावर पोहोचण्याआधीच मरू शकतात. शत्रू जिवाणूला मारणारं औषध मित्राला ओळखत नाही. दोन्हींत किमान आठवड्याचं अंतर ठेवा, पंप नीट धुऊन घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून वापरा. फवारणी संध्याकाळीच करा, कडक उन्हात हे जीव तगत नाहीत. पाकीट सावलीत ठेवा, मुदत पाहा. स्युडोमोनास बीजाणू (कठीण काळात तगणारं टणक रूप) बनवत नाही, त्यामुळे उष्णतेत तो बॅसिलसपेक्षा लवकर मरतो.

एवढं करूनही करपा वाढत असेल, तर युरियाचा हात आखडा. जास्त नत्राने पीक हिरवंगार, दाट आणि रोगाला अधिक बळी पडणारं होतं. रोगट खाचरातलं पाणी शेजारच्या खाचरात सोडू नका.