बारावीनंतर हवामानशास्त्रात जायचंय? नागपूरच्या पोरापोरींनी काय करायचं

पहिली गोष्ट, बारावी झाल्यावर "बीएस्सी हवामानशास्त्र कुठे आहे" हे शोधण्यात जून-जुलै घालवू नका. आपल्या देशात हा विषय बहुतेक ठिकाणी एमएस्सी, एमटेक नाहीतर पीएचडीलाच वेगळा शिकवतात, त्याच्या आधी लागतं ते फिजिक्स आणि मॅथ्स, आणि ते आपल्या नागपुरात चांगलं मिळतं. शासकीय विज्ञान संस्था आहे, हिस्लॉप आहे, विद्यापीठाची बाकी कॉलेजं आहेत. फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरं स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स, हा माझ्या मते सगळ्यात कामाचा ग्रुप. इंजिनिअरिंग करणाऱ्यांनाही पुढे एमटेकला येता येतं, त्यामुळे कुणी बीईला गेलं म्हणून दार बंद झालं असं नाही.

पण राजेहो, मॅथ्स मध्येच सोडू नका, हे मी परत परत सांगेन. खूप पोट्टे पाऊस आवडतो, ढगांचे फोटो काढायला आवडतात म्हणून येतात, ती आवड चांगलीच आहे, पण एमएस्सीच्या पहिल्याच सेमिस्टरला डायनॅमिक्स, म्हणजे हवेच्या हालचालीचं गणित, समोर येतं आणि तिथे सगळी डिफरन्शियल इक्वेशन्स असतात. हवा तापते, वर जाते, आजूबाजूची हवा तिची जागा घ्यायला धावते, पृथ्वी फिरते म्हणून ती धावणारी हवा वळते, आणि हे सगळं एकाच वेळी चालू असतं. ही इक्वेशन्स हातानं सुटत नाहीत म्हणून तर सुपरकॉम्प्युटर लागतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं भारत फोरकास्ट सिस्टम हे अंदाजाचं मॉडेल मे २०२५ मध्ये सुरू झालं, ते ६ किलोमीटरच्या चौकटींनी अंदाज काढतं, आणि त्याच्या आत काय चाललंय ते समजायला व्हेक्टर कॅलक्युलस पक्कं पाहिजे. बाकी थर्मोडायनॅमिक्स, रेडिएशन, क्लाउड फिजिक्स हे विषय बीएस्सीचं फिजिक्स नीट केलं असेल तर जमून जातात.

आता बीएस्सीच्या तीन-चार वर्षांत काय करायचं ते सांगतो, कारण खरा फरक इथेच पडतो आणि यासाठी एक रुपया लागत नाही.

पहिलं, सोनेगावला विमानतळापाशी हवामान खात्याचं, म्हणजे आयएमडीचं, प्रादेशिक केंद्र आहे, देशात अशी मोजकीच सहा आहेत, दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, गुवाहाटी आणि आपलं नागपूर, आणि विदर्भासोबत मध्य प्रदेश-छत्तीसगडचं कामही आपल्याच केंद्राखाली येतं. तिथून बलून सोडतात, त्याला रेडिओसॉन्ड नावाचं छोटं यंत्र बांधलेलं असतं, ते वर जाता जाता तापमान, ओलावा, वारा सगळं रेडिओनं खाली पाठवत राहतं. आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचच्या ठोक्याची ही नोंद जगभर धरली जाते, कारण तेव्हा ग्रीनिच वेळेचे शून्य वाजलेले असतात. नागपूरच्या स्टेशनचा नंबर ४२८६७. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर हा नंबर टाकला की आलेख फुकट दिसतो. त्यात मुख्य दोन रेषा असतात, एक तापमानाची आणि एक दवबिंदूची, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्याची. जिथे दोन्ही जवळजवळ चिकटतात तिथे हवा ओली, ढग असण्याची शक्यता जास्त. जिथे लांब जातात तिथे कोरडी. मे महिन्यातला आणि जुलैमधला आलेख शेजारी शेजारी ठेवून पहा, मान्सून म्हणजे काय ते एका नजरेत कळेल. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भात गारपीट झाली की त्याच दिवशी सकाळचा आलेख काढा, खाली ओलावा किती होता, वर हवा किती थंड होती, वारा उंचीनुसार कसा बदलत गेला ते वहीत लिहा, आणि संध्याकाळी खरं काय झालं तेही बाजूला लिहा. ही वही एक उन्हाळा आणि एक पावसाळा नेमानं ठेवली तर मुलाखतीत तुमच्याकडे बोलायला स्वतःचं काहीतरी असेल.

दुसरं, आकड्यावर शंका घ्यायला शिका. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवत असेल, देशभर बातमी झाली. आता सोनेगावचा आधीचा उच्चांक २०१३ च्या मे महिन्यातला ४७.९, म्हणजे त्याच्या आठ अंश वर एकदम उडी? अशा वेळी हवामानाचा विद्यार्थी तीन गोष्टी बघतो, शेजारची केंद्रं काय म्हणतात, माणसानं थर्मामीटर पाहून घेतलेली नोंद काय आहे, आणि सेन्सर कुठे कसा बसवलाय. बाकीच्या केंद्रांशी ते जुळतच नव्हतं, आणि सेन्सरमध्ये बिघाड होता असं नंतर हवामान खात्यानंच सांगितलं. हे काम नोकरीत रोज करावं लागतं.

२२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्रही तशीच अभ्यासाची आहे. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, माणसं गेली. पाऊस शंभर मिलिमीटरच्या वर, त्यातला बराचसा काही तासांत. खात्याच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे "जोरदार", त्याच्या वर २०४.४ पर्यंत "अतिजोरदार", आणि हा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात. म्हणजे दिवसभराचा आकडा पाहून शहरात काय होईल ते कळत नाही, पाऊस कोणत्या वेगानं पडला आणि कुठे पडला ते पाहिजे, आणि ते रडारवरून कळतं. शहरातल्या पुरावर काम करणारी माणसं आपल्याला फार कमी आहेत, ज्याला आपल्या गावासाठी काही करायचंय त्यानं हा विषय मनात ठेवावा.

तिसरं, पायथॉन आणि लिनक्स. पुण्याच्या आयएमडीच्या साइटवर १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत फुकट मिळतो. त्यातून विदर्भ कापून काढा, जूनचा पाऊस दर वर्षी कसा बदलला त्याचा नकाशा करा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट इथेच झाला. फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा जुनी वाटेल पण मोठी मॉडेल्स अजून त्यातच लिहिलेली आहेत, वाचता आलं तरी पुरे.

एमएस्सीसाठी पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञान विभाग आहे, आपल्यासाठी सगळ्यात सोयीचं तेच. कोचीनच्या कुसाट विद्यापीठात एमएस्सी मेटिऑरॉलॉजी आहे, विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातलं हे खातं जुनं आणि नावाजलेलं आहे. आयआयटी दिल्लीला एमटेक आहे, आयआयटी भुवनेश्वर, खरगपूर आणि बंगलोरच्या आयआयएससीत संशोधन चालतं. काही ठिकाणी जॅम ही एमएस्सी प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा लागते, काही ठिकाणी त्यांची स्वतःची परीक्षा, म्हणून तिसरं वर्ष सुरू होताच सगळ्यांच्या तारखा काढून भिंतीवर लावा. पीएचडीला सीएसआयआर नेट या फेलोशिपच्या परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा वेगळा पेपर आहे, गेट परीक्षेच्या इंजिनिअरिंग सायन्सेस पेपरातही वातावरण-महासागराचा सेक्शन घेता येतो.

नोकरीचं आता स्पष्ट बोलतो, कारण घरचे हेच विचारतात. आयएमडीत सायंटिफिक असिस्टंटची भरती एसएससी (दहावीची नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) करते, २०२२ मध्ये ९९० जागा निघाल्या होत्या, लेव्हल ६ म्हणजे मूळ पगार ३५,४०० आणि वर भत्ते. फिजिक्सवाली बीएस्सी चालते, कॉम्प्युटरवाले आणि इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमावालेही चालतात, पण फर्स्ट क्लास पाहिजे आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स दोन्ही पाहिजे. अडचण एकच, त्याच्या आधीची मोठी भरती २०१७ ची, म्हणजे दर वर्षी निघत नाही, म्हणून नुसती तिच्यावर आशा ठेवून घरी बसू नका, सोबत एमएस्सी चालू ठेवा. ड्युटी शिफ्टची असते, विमानतळावर रात्रीही नोंदी द्याव्या लागतात, बदली होते, आणि वादळाच्या दिवशी सुट्टी विसरा. हे मान्य असेल तर काम फार समाधानाचं आहे, तुमचा इशारा वेळेत गेला तर खरंच कुणाचा जीव वाचतो. वैज्ञानिक पदं वेगळी, त्यांना पीजी आणि पुढचं शिक्षण लागतं. हवाईदलात मेटिऑरॉलॉजी शाखा आहे, एएफकॅट या हवाईदलाच्या प्रवेश परीक्षेतून जाता येतं, मुलींनाही, पात्रतेचे नियम त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा.

नागपुरातच राहायचं असेल तर नीरी आहे, १९५८ पासूनची पर्यावरण संशोधन संस्था, हवेचं प्रदूषण हा त्यांचा मोठा विषय, आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांशेजारी राहणाऱ्यांना तो विषय वेगळा समजवून सांगायला नको. बायोलॉजी घेतलेल्यांनी एन्व्हायर्नमेंटल सायन्समधून या बाजूला यावं, तो रस्ता त्यांच्यासाठी बरा. इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आणि राज्य सरकारचं तसंच केंद्र, एमआरसॅक, हेही इथेच आहे, तिथे उपग्रहाच्या चित्रांवर काम चालतं, जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागेची माहिती हाताळणं, शिकलेला असेल तर प्रोजेक्टवर घेतात. बीएस्सी ॲग्रीवाल्यांसाठी कृषी हवामानशास्त्र आहे, कापूस-संत्र्याच्या शेतकऱ्याला मंगळवारी आणि शुक्रवारी जो हवामान सल्ला जातो तो हीच माणसं बनवतात. फक्त प्रोजेक्टची पदं कंत्राटी असतात हे डोळे उघडे ठेवून स्वीकारा, जिल्हा पातळीवरचे असे कृषी हवामान युनिट २०२४ मध्ये बंद झाले तेव्हा लोकांची नोकरी गेली. खासगीत सोलर आणि पवनऊर्जेचा अंदाज देणाऱ्या कंपन्या, पीकविमा, स्कायमेटसारख्या हवामान अंदाज देणाऱ्या संस्था आहेत, तिथे डिग्रीइतकंच कोडिंग पाहतात.

आणि २३ मार्चला जागतिक हवामान दिन असतो, त्या दिवशी हवामान खात्याची कार्यालयं बरेचदा विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवतात. सोनेगावला आधी विचारून घ्या आणि कॉलेजच्या सरांना सांगून ग्रुपनं जा. तुमची वही सोबत न्या आणि ड्युटीवरच्या माणसाला विचारा की गारपिटीच्या त्या दिवशी त्यांनी अंदाज काय दिला होता आणि कशावरून.