वर्गात मूल्यांचे स्टार वाटताय? या चुका टाळा

जून आला की नवे शिक्षक पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून चमकत्या स्टारची पाकिटं घेऊन येतात. भिंतीवर तक्ता, तक्त्यावर मुलांची नावं, वर प्रामाणिकपणा, वक्तशीरपणा, सौजन्यशीलता. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तक्ता लोंबायला लागतो आणि माझ्याकडे तक्रार येते, "बाई, मुलं ऐकतच नाहीत हो."

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलेली आहे. तिसरीच्या वर्गात जाहीर केलं, सापडलेली वस्तू आणून देईल त्याला परिपाठात टाळ्या आणि एक स्टार. पहिल्या आठवड्यात तीन खोडरबर आले. दुसऱ्या आठवड्यात टेबलाचा खण भरला. मी खूश! मग एक मुलगी रडत आली. तिचं शार्पनर रोज हरवायचं आणि रोज शेजारच्यालाच सापडायचं. चौकशी केली तर मागच्या बाकावरच्या दोघांचा करारच निघाला, 'आज तू हरव, उद्या मी.' वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब होता. तो मात्र अगदी प्रामाणिक.

1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता. चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक, असं आधी कबूल केलेली मुलं नंतर मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ स्केचपेन घेऊन बसली. ज्यांना ते अवचित मिळालं, त्यांची आवड टिकली. हे मला आधी माहीत असतं तर तो खण रिकामाच राहिला असता.

आता मी आधी काहीच कबूल करत नाही. जिन्याखाली एक खोका ठेवलाय, सापडलेलं त्यात टाकायचं, नाव नाही, टाळ्या नाहीत. काही चांगलं दिसलं की मधल्या सुट्टीत त्या मुलापाशी जाऊन तेवढंच सांगते, "तिचा डबा सांडला तेव्हा तू तुझी पोळी दिलीस, मी बघितलं." 'शहाणं बाळ' वगैरे नाही. याला अख्खं वर्ष लागतं. आठवड्यात फरक हवा असेल त्यांनी खुशाल स्टार चिकटवावेत.

वक्तशीरपणाचा स्टार तर सरळ अन्याय आहे. शाळेमागच्या सोसायटीतलं पोर रोज वेळेवर येणारच. धायरीहून येणाऱ्याची व्हॅन सिंहगड रस्त्यावर अडकली, तर त्यात त्याचा काय दोष? मी फक्त मधली सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर कोण जागेवर येतं ते बघते.

फळ्यावर 'श्रमप्रतिष्ठा' लिहून दंगा करणाऱ्याला वर्ग झाडायची शिक्षा देऊ नका.

दिलेला स्टार काढून घेऊ नका.

मूल्यशिक्षणातली दहाच्या दहा मूल्यं एका महिन्यात 'पूर्ण' करू नका, तो पोर्शन नाही.

चॉकलेट? नकोच.

ते करारवाले दोघं आता चौथीत आहेत. शनिवारी खोका तेच रिकामा करतात. मागच्या खेपेला त्यात माझाच चष्मा निघाला.