पिल्लं आणायच्या आधी

गावात मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. पशुसंवर्धनाची पदविका केली, तीन वर्षं एका ब्रॉयलर कंपनीत सुपरवायझर होतो आणि गेली सहा वर्षं खटाव-माणमध्ये आणि पलीकडे खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात कोंबडीपालनाचं काम करतोय. माझी माणसं म्हणजे बचत गटातल्या बायका आणि पन्नासपासून पाचशेपर्यंत पक्षी सांभाळणारे शेतकरी. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातली नाहीतर कृषी पदवी झालेली पोरं अधूनमधून फोन करतात, "सर, या कामात यायचंय, काय वाचू?" वाचायचं नंतर बघू. आधी एक वही घ्या, रेघांची, दोनशे पानी.

मीही सुरुवातीला औषधांची बॅग घेऊनच फिरायचो. कुठं मर लागली की पळ, कुठं सर्दी-घुरघुर झाली की पळ. दोन वर्षांनी मागं वळून बघितलं तर पक्षी वाचले होते आणि माणसं बुडाली होती. कारण ती रोगानं बुडतच नव्हती. ती तारखेनं आणि हिशेबानं बुडत होती.

कंपनीचं काम आधी समजून घ्या, कारण तुमचा शेतकरी रोज तिच्याशीच स्वतःची तुलना करतो. करारात पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, तूस आणि रात्रीची झोप शेतकऱ्याची. चाळीस-बेचाळीस दिवसांत पक्षी दोन-सव्वादोन किलोचा होतो, गाडी येते, भरून नेते आणि किलोमागं ठरलेला पालनखर्च मिळतो. त्यात एफसीआर बघतात, म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य गेलं. दीडच्या आसपास असेल तर शाबासकी, वर चढत गेला की कपात.

कंपनीला शिव्या घालणारे भाषण ठोकून टाळ्या घेतात. मी घालत नाही. मार्च २०२० आठवा. कोंबडीनं कोरोना होतो अशी अफवा उठली आणि जिवंत पक्ष्याचा दर इतका पडला की स्वतःच्या पैशानं पक्षी घातलेल्यांनी ते फुकट वाटले. करारातल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर निदान तो दर नव्हता. पण त्याची दुखरी जागा वेगळी असते. बॅच गेली, शेड धुतलं, चुना मारला, तूस पसरला, आणि पुढची पिल्लं येतच नाहीत. पंधरा दिवस, महिना, दीड महिना. बाजार पडला की कंपनी पिल्लं कमी टाकते. तिच्या दृष्टीनं बरोबरच आहे. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून करार वाचताना किलोमागच्या दराआधी हे विचारा, की वर्षाला किती बॅच देणार हे कागदावर आहे का? मी ज्या कंपनीत होतो तिथं नव्हतं. कोरे चेक मात्र घेतले जायचे, आणि ते घ्यायला जाणारा मीच असायचो.

वजनाची एक गोष्ट बघून ठेवा. गाडी बहुतेक रात्री भरतात, पक्षी शांत असतो म्हणून. शेतकरी पक्षी पकडण्यात गुंतलेला, काट्यावर दुसराच माणूस. रिकाम्या क्रेटचं वजन एकदाच करतात आणि तेच सगळ्यांना धरतात. चार क्रेट भरल्या की खालची विष्ठेनं जड होते, ओली होते. बाकी काही जमलं नाही तरी घरातल्या एका माणसाला त्या रात्री पकडायला न लावता काट्यापाशी वही घेऊन बसवा. विट्याजवळच्या एका मळ्यात आठवीतली पोरगी बसली होती. तिनं दर दहा क्रेटला "मोकळं वजन परत करा" एवढंच म्हटलं. ड्रायव्हर चिडला, पण केलं.

आता छोट्यांकडे. विट्याकडं अंड्यांची मोठमोठी शेडं आहेत, पिंजऱ्यातली. तिथली कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते आणि वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. म्हणजे अंड्यामागं १३० ग्रॅमच्या आसपास खाद्य. सुधारित गावरान, म्हणजे गिरिराज वगैरे, वर्षाला दीडशेपर्यंत जाते. तिला शेडमध्ये कोंडून तेवढंच विकतचं खाद्य घातलं तर अंड्यामागं अडीचशे ग्रॅमच्या वर जातं. दुप्पट खर्चाचं अंडं घेऊन तुम्ही पेपरच्या दराशी कुस्ती खेळणार? तो दर अंडी समन्वय समिती रोज जाहीर करते, आणि तो ठरताना गावात सत्तर कोंबड्या पाळणाऱ्या एखाद्या मामीचा विचार कुणी केलेला नसतो. मामीचं अंडं परवडतं ते कोंबडी बाहेर फिरून निम्मं पोट भरते म्हणून, आणि ते डझनावर न जाता नगावर विकलं जातं म्हणून. यातलं एक जरी सुटलं तरी धंदा बसला.

मांसाचंही तसंच. वनराजा (हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची) किंवा गिरिराज (बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची) पक्षी दीड-पावणेदोन किलोचा व्हायला ऐंशी-नव्वद दिवस घेतो आणि सगळं विकतचं घातलं तर पाच-सहा किलो खाद्य खातो. चाळीस रुपये किलोनं खाद्य धरा, वर पिल्लाचे पैसे धरा, अडीचशेच्या पुढं गेलात, अजून मजुरी धरलीच नाही. हा पक्षी व्यापाऱ्याला किलोवर, ब्रॉयलरच्या दराच्या चार पैसे वर दिला तर घरातून पैसे घालावे लागतात. तरी लोक देतात, कारण नव्वद दिवस झाले, पक्षी रोज खातोय आणि गिऱ्हाईक शोधलेलंच नाही.

म्हणून माझ्या वहीत पहिल्या पानावर पिल्लांची संख्या नसते, तारीख असते. आखाड, जत्रा, थर्टी फर्स्ट. गावची जत्रा कधी, कोणत्या वाडीत पाहुणे येतात, कोण दोन कोंबडे घेणार, कोण पाच. तिथून नव्वद दिवस मागं मोजायचं. चैत्र-वैशाखातल्या जत्रेचा पक्षी हवा तर पिल्लं कडाक्याच्या थंडीत आणावी लागतात. आखाडाचा हवा तर गुढीपाडव्याच्या आसपास, आणि मग माणदेशातला उन्हाळा त्यांनाही काढावा लागतो. दोन्हीकडं काहीतरी सोसावं लागतंच.

थंडीचा माझा पराक्रम सांगतो. पहिल्या वर्षी जानेवारीत एका गटासाठी तीनशे पिल्लं आणली. चौकोनी खोली, तुसावर पेपर, दोनशे वॅटचे दोन बल्ब, सगळं नीट. पहिल्या आठवड्यात पिल्लाजवळ पस्तीस अंश तरी लागतात, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं, हे मला तोंडपाठ. रात्री दोनला लाईट गेली. पहाटे गेलो तर एका कोपऱ्यात पिवळा ढीग. वरची पिल्लं जिवंत, चिवचिवाट करणारी. खालची चपटी झालेली, अजून कोमट. एकाहत्तर मोजली. थंडीनं नव्हे, एकमेकांखाली गुदमरून मेली. गटातल्या आक्का काही बोलल्या नाहीत, त्यांनी टोपली आणली. तेव्हापासून चौकोनी खोलीत पिल्लू नाही: पत्र्याचं नाहीतर पुठ्ठ्याचं गोल कडं, कोपरा शिल्लकच ठेवायचा नाही, आणि शेजारी कोळशाची शेगडी तयार, धूर बाहेर जायला वाट ठेवून. थर्मामीटर असू द्या, पण पिल्लांकडं बघायला शिका. बल्बखाली गोळा झाली तर गार पडतंय, कड्याला चिकटली तर गरम होतंय, एकाच बाजूला सरकली तर समोरून वारा येतोय. सगळीकडं पसरून खात असली की तुम्ही झोपा.

लसीकरणात छोट्यांची अडचण शास्त्राची नाही, बाटलीची आहे. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस शंभर, दोनशे किंवा हजार मात्रांच्या कुपीत येते. कुपी एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवायची, उरलेली फेकायची. वीस कोंबड्यांची बाई ती कशाला विकत घेईल? मग पावसाळ्याच्या तोंडाला मानमोडी येते आणि अख्खी वाडी साफ होते. उपाय साधा: वाडीचा एक दिवस ठरवायचा, सगळ्यांचे पक्षी एकाच संध्याकाळी. सकाळी जाल तर कोंबड्या उकिरड्यावर पांगलेल्या आणि तुम्ही त्यांच्यामागं. दिवेलागणीला त्या खुराड्यात शिरल्या की एकेक हातात घेऊन डोळ्यात थेंब टाकायचा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडीचीच थेंबाची लस), चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो (त्याच नावाच्या रोगाची लस), चौथ्या आठवड्यात परत लासोटा, आणि आठव्या आठवड्यानंतर मानमोडीचं इंजेक्शन. लस बर्फाच्या थर्मासमध्ये न्या. उमेद या सरकारी बचत गट अभियानातल्या पशुसखी, म्हणजे जनावरांची काळजी घ्यायला शिकलेल्या गावातल्याच बायका, हे काम माझ्यापेक्षा चांगलं करतात, कारण कुणाच्या खुराड्यात किती पक्षी आहेत हे त्यांना ठाऊक असतं. नव्या माणसाला बायका खरा आकडा सांगत नाहीत, नजर लागते म्हणून.

आणखी एक चूक नवीन पोरं हमखास करतात. वनराजा-गिरिराजची अंडी ठेवून पुढची पिढी घरीच काढा असं सांगतात. या संकरित जाती; पुढच्या पिढीत वजन आणि अंडी दोन्ही घसरतात, आणि त्या कोंबड्या खुडूकही (अंडी उबवायला) फारशा बसत नाहीत. पिल्लं दर वेळी विकतच आणायची, कोल्हापूरच्या सरकारी उबवणी केंद्रातून किंवा माहितीतल्या हॅचरीतून. हॅचरीतून उबवणीची अंडी मिळाली तर घरच्या खुडूक गावठी कोंबडीखाली दहा-बारा ठेवायला हरकत नाही. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघा, लाल जाळं दिसलं नाही ते काढून टाका. सरकारी योजनेत २५ तलंगा (तरण्या कोंबड्या) आणि ३ नर असा गट अनुदानावर मिळतो. सुरुवातीला तो पुरतो. हजार पक्ष्यांची योजनाही आहे, पण अनुदान दिसलं म्हणून हजारावर उडी मारणाऱ्याला मी आधी एकच विचारतो, पन्नास विकलेत का कधी?

हा प्रश्न आमच्याकडं उगाच आलेला नाही. २०१९ साली इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण झालं. कडकनाथ म्हणजे काळी कोंबडी. कंपनी सांगायची, पैसे भरा, पक्षी घ्या, अंडी आम्हीच डोळे दिपतील अशा दरानं परत घेऊ. त्या अंड्यांतून निघालेली पिल्लं नव्या शेतकऱ्याला, त्याची अंडी त्याच्यापुढच्याला. साखळीत नवा माणूस यायचा थांबला आणि सगळं कोसळलं. शिकलेली माणसं फसली, माझे दोन नातेवाईकही. खाद्य घालायला पैसे नाहीत म्हणून काळ्या कोंबड्या शेडमध्ये उपाशी मेलेल्या मी बघितल्यात. कडकनाथचा यात दोष नाही, जात चांगली आहे, मध्य प्रदेशातल्या झाबुआची. पण कुठलीही योजना पुढ्यात आली की विचारा: हे अंडं शेवटी खातं कोण? उत्तरात ताट आलं नाही तर उठून या.

पगाराचं विचाराल तर कंपनीत जास्त आहे, पेट्रोलसकट. या कामात प्रकल्प संपला की पगार संपतो. माझा सल्ला, आधी दोन वर्षं कंपनीत काढा. एका वर्षात लाखभर पक्षी डोळ्याखालून जातात, पोस्टमॉर्टेमला हात बसतो, आणि समोरचा कसा विचार करतो ते कळतं. बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी प्रशिक्षणं असतात, तीही करा. आणि कोंबडखताचे पैसे वहीत धरायला शिका. तासगावकडचे द्राक्षवाले गाडी घेऊन दारात येतात, आणि कित्येक घरांत ती रक्कम हिशेबातच नसते.

गेल्या मे महिन्यात एका हॅचरीची ऑर्डर रद्द झाली आणि दोनशे पिल्लं निम्म्या दरात माझ्या गळ्यात आली. पहिला फोन त्या आक्कांनाच केला, टोपलीवाल्या. "आक्का, निम्म्या भावात देतो." पलीकडं जरा वेळ शांतता. बोटं मोजत असणार.

"ऐंशी दिस म्हंजी श्रावण लागतोय की ओ डॉक्टर. कोण खातंय तवा? नको."

फोन ठेवला. पिल्लं गाडीत चिवचिवत होती, आणि मी दोनशे पिल्लांना घर शोधत दहिवडीच्या रस्त्याला लागलो.