एसीचं पाणी गाडीत साचतंय? मग या चुका टाळा

वळण घेताना डॅशबोर्डच्या आतून खळखळ ऐकू येते, ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरची मॅट ओली लागते, काचा आतून सारख्या धुरकटतात आणि एसी सुरू केला की कुबट वास येतो. ही लक्षणं एकत्र आली की बहुतेक वेळा एसीचा ड्रेन पाईप तुंबलेला असतो. काम अर्ध्या तासाचं आहे. ते दहा मिनिटांत उरकायला जाऊन लोकांनी हजारोंचा खर्च ओढवून घेतलेला मी पुन्हा पुन्हा पाहतोय, म्हणून हे लिहायला घेतलं.

कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, प्लास्टिकच्या पेटीत बसवलेली असते. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम फुटतो, तसं दमट हवेतलं पाणी तिच्यावर जमतं, पेटीच्या तळाशी उतरतं आणि बोटभर जाडीच्या नळीतून फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, पलीकडे जाऊन गाडीखाली ठिबकतं. त्यामुळे गाडीखाली स्वच्छ पाणी दिसलं तर घाबरू नका. दमट हवेत अर्धा तास एसी चालवूनही खाली टिपूस पडला नाही, तर मात्र पाईप बघायला हवा. कोरड्या हवेत मुळातच पाणी कमी बनतं, तेव्हा त्या दिवसांत यावरून काहीच ठरवू नका.

पाणी कुठलं हे न पाहता कामाला लागणं

मॅट ओली दिसली की लगेच गाडीखाली शिरू नका. आधी त्या पाण्यात बोट बुडवून बघा. एसीचं पाणी साध्या पाण्यासारखं असतं. बोटाला चिकट लागलं, रंग दिसला, गोडसर वास आला तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आहे आणि हीटरची कॉइल गळतेय. अशा वेळी ड्रेन साफ करून काही होणार नाही. कूलंटची पातळी बघा आणि इंजिन तापायच्या आत गाडी दुरुस्तीला द्या. कूलंट विषारी असतं, म्हणून हात धुवा आणि मुलांना व जनावरांना त्या मॅटपासून लांब ठेवा. एसी बंद असताना, फक्त पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर ओल येत असेल तर वायपरखालच्या जाळीतले पानगळीने तुंबलेले निचरे, दाराचं रबर आणि सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या तपासा. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

कडक तार खुपसणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. माझ्या एका मित्राला दुसऱ्या दिवशी पहाटे लांबच्या प्रवासाला निघायचं होतं. मी म्हटलं, संध्याकाळी येतो, तोवर हात लावू नकोस. त्याला धीर निघाला नाही. कपड्यांच्या हँगरची तार सरळ करून त्याने खालून पाईपात घातली. वीतभर आत गेल्यावर ती अडली. हाच कचरा, असं समजून त्याने जोर लावला. फुस्स आवाज झाला आणि त्यानंतर एसीतून गरम हवाच येऊ लागली. तार थेट कूलिंग कॉइलमध्ये शिरली होती आणि सगळा गॅस उडून गेला. कॉइलच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमला भोक पडायला फार जोर लागत नाही. डॅशबोर्ड उतरवून नवी कॉइल बसवावी लागली आणि प्रवासही रद्द झाला. दुरुस्तीनंतर डॅशबोर्डची खडखड सुरू झाली, ती कायमचीच.

तुंबा मात्र पाईपच्या तोंडालाच होता, कुजलेल्या पानांचा आणि चिखलाचा. तो बोटाने निघाला असता. ती पानं आत आली कशी? ‘हवा कमी येते’ म्हणून त्याने केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, काढून टाकला होता. घाण झालेला फिल्टर बदलायचा असतो, काढून फेकायचा नसतो.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी बोट. मग गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी, टोक मेणबत्तीवर किंचित गोल करून, न ढकलता चिमटीत फिरवत फिरवत. अडली की थांबायचं आणि मागे घ्यायची. तेवढ्याने भागलं नाही तर पाणी ओढणारा व्हॅक्युम क्लीनर घेऊन त्याची नळी पाईपच्या तोंडाला कापडाने घट्ट धरायची आणि मिनिटभर ओढू द्यायचं. तुंबा सुटला की साचलेलं पाणी एकदम खाली येतं, म्हणून तोंड त्याच्या रेषेत ठेवू नका.

कंप्रेसरची हवा मारणं

टायरच्या दुकानातल्या हवेने चिखल बाहेर येत नाही, उलट पेटीत मागे जातो. काही गाड्यांत आतल्या बाजूची रबरी नळी सांध्यातून निसटते. मग पाईप मोकळा दिसतो, पण पाणी कार्पेटवरच पडत राहतं.

वरवर पुसून झालं असं समजणं

पाईप मोकळा झाला की लोक मॅट उन्हात टाकतात आणि विषय संपवतात. पण खरं पाणी कार्पेटखालच्या जाड फोममध्ये असतं. वरचं कापड कोरडं लागलं तरी फोम दाबला की पाणी वर येतं. एक-दोन दिवसांत बुरशी धरते, आणि काही गाड्यांत त्याच फोमखालून वायरिंग गेलेलं असतं. मी दाराजवळची पट्टी काढून कार्पेट उचलतो, फोम व्हॅक्युमने दोन-तीनदा ओढून घेतो, खाली लाकडाचा ठोकळा सरकवतो आणि पंखा लावून दोन दिवस तसाच राहू देतो. कंटाळवाणं काम आहे, पण याला जवळचा रस्ता मला अजून सापडलेला नाही. वासावर सुगंधी डबी लावणं तर मला अजिबात पटत नाही. बुरशी आत तशीच राहते आणि आपण तीच हवा श्वासात घेत राहतो.

आणखी काही

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. स्टँड लावा, चाकांना अडण घाला.

एसी चालवून लगेच खाली हात घालू नका. सायलेन्सरचा पाईप जवळच असतो आणि चांगला भाजतो.

पाईपात ब्लीच किंवा ॲसिड ओतू नका, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

गाडीला खालून गंजरोधक कोटिंग करून घेताना पाईपच्या तोंडावर चिकटपट्टी लावायला सांगा आणि काम झाल्यावर ती निघाली का, ते स्वतः बघा.

मुक्काम पाच मिनिटांवर आला की मी एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवतो. कॉइल सुकते आणि पाईपात शेवाळासारखा चिकट थर कमी धरतो.

काम झाल्यावर वीस मिनिटं एसी चालवून पाईपखाली जुना कागद ठेवा. थेंब त्यावर पडायला हवेत. पुढचे चार दिवस रोज सकाळी कार्पेटच्या कडेला टिश्यू दाबून बघा, आणि तो कोरडा निघेपर्यंत मॅट परत टाकू नका.